काय खायचे, किती जगले

रावेत, १२ जानेवारी २०२५

चि. रोहिदास यास,

चि. लिहिताना हात जरा थांबला. सहा वर्षांत तुला काहीच लिहिलेलं नाही. पण चिरंजीव म्हटलं की समोरच्याला आयुष्य मागितलं जातं, आणि भांडण कितीही असलं तरी तेवढं मी तुझ्यासाठी मागू शकतो. म्हणून खोडलं नाही.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर मला बंद करून ठेवलं आहेस, ते आमच्या पिंकीनं मला समजावून सांगितलं. पत्र मात्र कट करता येत नाही. फार तर तू ते चुलीत घालशील, पण त्याआधी पाकिटावरचं अक्षर तरी बघशील.

कामाचं लिहितो. मी आपल्या भावकीतल्या आणि नात्यातल्या माणसांची एक यादी करतोय. १९९० पासून आजपर्यंत कोण किती वयाचं होऊन गेलं आणि ते काय खायचं, एवढंच. शाकाहारी की मांसाहारी. अडतीस नावं झाली आहेत. आपल्या थोरल्या मामाचं वय मला नक्की आठवत नाही. ते तुझ्या खानावळीत वर्षभर गल्ल्यावर बसायचे, तुला माहीत असेल. एका ओळीत कळव.

हे आता कशाला, असं तू म्हणशील. सध्या मी घरीच आहे. कंपनीत बरीच सुट्टी शिल्लक होती, ती घेतली. रिकाम्या माणसाला काहीतरी चाळा लागतो, आणि तीस वर्षं क्वालिटीत काढलेल्या माणसाला मोजमापाशिवाय दुसरा कुठला चाळा लागणार? तुझी वहिनी म्हणते, जिवंत माणसांशी बोलता येईना म्हणून मेलेल्यांची वयं मोजत बसलाय. विजयश्रीचं बोलणं तुला माहीतच आहे.

खरं सांगायचं तर ही यादी तुझ्यासाठीच आहे. बापाच्या दहाव्याला पवनेच्या घाटावर मी जे बोललो ते बरोबर होतं की चूक, हे मला एकदा कागदावर बघायचं आहे. पिंड ठेवून दोन तास झाले होते. कावळा शिवत नव्हता. सगळी भावकी उन्हात उभी. एकेक जण हात जोडून पुढं जात होता, तात्या, पोरांना सांभाळू, तात्या, जमिनीचं सगळं नीट करू, असं म्हणत होता. आणि मी म्हणालो, "कावळा शिवेल कसा? दर रविवारी मटण घालून घालून ज्यानं मारलं, तोच शेजारी उभा आहे." तू काही बोलला नाहीस. मुंडण केलेल्या डोक्यावर उपरणं घेतलंस आणि अनवाणी पायऱ्या चढून गेलास. तू गेल्यावर पाच मिनिटांनी कावळा शिवला, आणि मी तोही पुरावा म्हणून धरला.

मी २००६ मध्ये मटण सोडलं तेव्हापासून तात्यांच्या मागं लागलो होतो हे खरं आहे. कंपनीत व्याख्यान झालं होतं. शाकाहारी माणूस दहा वर्षं जास्त जगतो, असं त्या वक्त्यानं फळ्यावर लिहून दाखवलं. मी तो आकडा घरी आणला आणि तात्यांच्या खाटेवर चिकटवला. ते हसायचे. रविवारी दुपारी तुझ्याकडून परतले की मुद्दाम माझ्यासमोर येऊन बसायचे आणि ढेकर द्यायचे. त्यांना आणखी दहा वर्षं मिळावीत, एवढंच मला हवं होतं. मामाचं वय कळव.

तुझा,
रंगरावदादा


रावेत, २ फेब्रुवारी २०२५

चि. रोहिदास,

उत्तर नाही. ठीक आहे. मामाचं वय मामींकडून मिळालं, चौसष्ट.

यादी पूर्ण झाली. शाकाहारी रकान्याची सरासरी आली एकाहत्तर आणि मांसाहारी रकान्याची सहासष्ट. पाच वर्षांचा फरक! मी कागद घेऊन घरभर फिरलो. विजयश्रीला दाखवला, पिंकीला फोटो पाठवला. तुला तर रजिस्टरनंच पाठवणार होतो.

तेवढ्यात संध्याकाळी धम्मरत्न आला. काळेवाडीचा, माझ्याच विभागातला. आम्ही दोघं एकाच महिन्यात कंपनीत लागलो. मी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं खिशातून चष्मा काढला तेव्हाच मला कळायला हवं होतं, कारण तो चष्मा लावतो ते माल नापास करायलाच.

"रंगराव, शाकाहारी बारा जणांत दारू पिणारे किती?"

"एकही नाही. सगळी देवाधर्माची माणसं."

"आणि ह्या सव्वीसांत?"

मी मोजले. सतरा.

"मग ही माणसं मटणानं गेली का मटणाबरोबरच्या बाटलीनं?" मी काही बोलायच्या आत त्यानं पुढच्या नावावर बोट ठेवलं. "हा बेचाळीसचा कशानं गेला?"

"हायवेवर. ट्रकनं उडवलं."

"त्याच्या डब्यात अंडाकरी होती म्हणून?"

मला इतका राग आला की मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. तो आत जाऊन विजयश्रीकडून मागून प्यायला. पण काम पुरं केल्याशिवाय उठला नाही. शाकाहारी रकान्यात तिघं असे निघाले की ज्यांनी झटका आल्यावर डॉक्टरच्या धाकानं मटण सोडलं आणि वर्षभरात गेले. ते कुठल्या रकान्यात धरायचे? आणि ज्यांच्या जमिनी टाउनशिपला गेल्या, ज्यांनी त्यानंतर घरापासून दुधाच्या डेअरीपर्यंतसुद्धा गाडी काढली, त्यांचं काय? असं करत करत आम्ही रात्रीच्या जेवणापर्यंत यादी धुऊन काढली. फरक उरला, नाही असं नाही. पण एवढा बारीक की मायक्रोमीटरशिवाय दिसू नये. पिंकीनं मोठमोठ्या अभ्यासांचे कागद छापून आणले होते. एकात म्हणे शाकाहारी जास्त जगतात, दुसऱ्यात फारसा फरकच नाही. भाजीभाकरी चांगलीच आहे रे, ते मी अजूनही म्हणतो. पण ज्या आकड्याच्या जोरावर मी घाटावर उभा राहून बोललो, तो आकडा माझ्या हातात उरला नाही.

दुसऱ्या दिवशी ताथवड्याला गिरजा आत्याकडे गेलो. ब्याण्णव पूर्ण, त्र्याण्णव चालू. म्हटलं, मेलेल्यांचं झालं, आता जित्या माणसाला विचारू. ती अंगणात उन्हाला बसून लसूण सोलत होती. समोर कॉलेजची पोरं गाड्या लावत होती, त्यांच्यावर ओरडणं चालू होतं.

"आत्या, तू काय खातेस?"

"मिळंल त्ये खाते. का रं?"

"मटण खातेस का?"

"दात कुटं हायेत? रस्सा पिते वाटीभर."

"आणि लहानपणी? तरुणपणी?"

"आमाला कोण घालतंय मटण! जत्रंला एकदा आन आखाडात एकदा. बाकी वरीसभर भात आन हुलग्याचं माडगं. कोंबडी आजारी पडली तर मधीच एकदा."

मी वही उघडून बसलो होतो. "मग मी लिहू काय आत्या? शाकाहारी का मांसाहारी?"

"लिव्ह, गिरजा जिती हाय." आणि माझ्या हातातली वही तिनं लसणाच्या सालांवर ठेवून दिली. "माझं लिवतूस, तुझ्या भावाचं काय? त्यो म्हयन्याला येतो माझ्याकडं. आला की पयलं तुझंच इचारतो. दादा बारीक झालाय का, कंपनीच्या बसमदी दिसला न्हाई आटवडाभर, म्हनतो."

रोहिदास, तू बसकडे बघतोस हे मला माहीत नव्हतं. महाळुंग्याच्या रस्त्याला तुझी खानावळ आली की सहा वर्षं मी पेपर तोंडापुढं धरतो. धरतो आणि कडेनं बघतो. पाटी तू नवी केलीस, पुढं पत्रा टाकलास, पाण्याचा पिंप डावीकडून उजवीकडे नेलास. मला सगळं माहीत आहे.

आता मी बसमध्ये का दिसत नाही ते लिहितो. सुट्टी शिल्लक होती हे खोटं होतं. डिसेंबरात कंपनीच्या तपासणीत माझा ईसीजीचा पट्टा वाकडा आला. पुढची तपासणी केली, हृदयाच्या तीन नळ्या बंद निघाल्या. एक तर जवळजवळ पूर्ण. मी डॉक्टरला म्हणालो, "साहेब, काहीतरी चूक आहे. मी एकोणीस वर्षं शाकाहारी आहे." त्यांनी विचारलं, दिवसभरात काय काय खाता? मी सांगितलं. सकाळी वडापाव, दहाच्या चहाबरोबर फरसाण, कॅन्टीनची तर्रीवाली मिसळ, उपासाला साबुदाण्याची खिचडी, चहा सहा वेळा आणि गोडच. ते शांतपणे म्हणाले, "हेही सगळं शाकाहारीच आहे, काका." विजयश्री तोंडाला पदर लावून हसली, आणि नंतर बाहेर येऊन बाकावर बसून रडली.

ऑपरेशन करावं लागणार आहे. छाती उघडून. तारीख अजून मिळालेली नाही.

तुझा,
दादा


रावेत, १६ फेब्रुवारी २०२५

रोहिदास,

तारीख मिळाली. शुक्रवारी, २८ ला सकाळी. दवाखाना वाकडला. माझं वय सत्तावन्न. डॉक्टर म्हणतात घाबरायचं कारण नाही, पण ज्या कागदावर सही घेतात त्यावर लिहिलेलं सगळं घाबरायचंच असतं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की घाटावरचं बोलणं बरोबर होतं की चूक ते बघायचं आहे. ते तेव्हाच चूक होतं, आणि मला ते तेव्हाच माहीत होतं. हे कुणालाच सांगितलेलं नाही, विजयश्रीलासुद्धा नाही. ऑपरेशनच्या आधी तुला सांगायचं आहे. माघारी आलो नाही तर राहून जाईल.

आम्ही कंपनीत व्हाय-व्हाय करतो. खराब माल निघाला की का, म्हणून विचारायचं. उत्तर आलं की त्या उत्तराला पुन्हा का. पाच वेळा. नव्या माणसाला मी पहिलीच गोष्ट शिकवतो, की दोष शेवटच्या टेबलावर सापडला म्हणून तो शेवटच्या टेबलावर झाला असं धरायचं नाही. मागं जायचं. हजार वेळा शिकवली असेल. तात्यांच्या वेळी मी एकदाच का विचारलं. तात्या का गेले? शेवटचं जेवण तुझ्याकडं झालं होतं. तिथंच मी कागद मिटवला. कारण दुसरा का विचारला असता तर उत्तरात माझं नाव आलं असतं.

तात्या सोमवारी पहाटे गेले. त्याच्या आधीच्या शुक्रवारी मी दारात बूट घालत होतो, बसला सात मिनिटं होती. ते आतून आले, चौकटीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "रंगा, छातीत दडपल्यावानी व्हतंय. दवाखान्यात जाऊन येऊ का?" जन्मात कधी दवाखान्याचं नाव न घेणारा माणूस स्वतःहून विचारत होता. मी नाडी बांधत होतो, वर बघितलंसुद्धा नाही. म्हणालो, "सोमवारी कस्टमरचं ऑडिट आहे, तात्या. मंगळवारी नेतो. तोवर धाकट्याकडचं मटण बंद करा." ते म्हणाले, बरं. एवढंच. बरं म्हणून आत गेले.

मी खरंच मंगळवारची दहाची वेळ घेतली होती. मंगळवारी सव्वादहाला दवाखान्यातल्या बाईंचा फोन आला, पेशंट कुठं आहे म्हणून.

त्या ऑडिटमध्ये आम्हाला एक्क्याण्णव मार्क मिळाले. मी नव्हतो तरी मिळाले. माझ्यावाचून काही अडलं नव्हतं, रोहिदास. शुक्रवारी रजा टाकली असती तर कुणी विचारलंही नसतं.

घाटावर कावळा शिवत नव्हता तेव्हा मी एकसारखा पिंडाकडं बघत होतो. मला वाटलं तात्या माझ्यावरच रुसलेत आणि आता सगळ्या भावकीला ते कळणार. मी घाईघाईनं तुझ्याकडं बोट दाखवलं. तू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. लहानपणी माझ्या वाटचा मार कितीदा तुला बसला, आणि तू कधी माझं नाव सांगितलं नाहीस. मला वाटतं मी त्याच सवयीनं तुझ्यावर ढकललं.

तू तात्यांना मारलं नाहीस. मटणानंही मारलं नाही. त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं आणि मी नेलं नाही. हे मी जोडप्यानं येऊन, भावकी बोलावून, त्याच घाटावर उभा राहून सांगायला तयार आहे. फक्त आधी ही छाती शिवून घेऊ दे.

माफ कर असं लिहीत नाही, कारण ते मागायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. पण तुला बघावंसं वाटतं. फार वाटतं.

रंगराव


महाळुंगे, २४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. आज सोमवार, खानावळ बंद असती म्हणून लिवायला बसलोय. माझं अक्षर तुला म्हाईतच हाय, हसू नको. हे पत्र तुझी भावजय पूनम उद्या सकाळी घिऊन येतीय.

तुझी तिन्ही पत्रं आली. पयलं वाचून मी फेकलं व्हतं, पूनमनं उचलून ठिवलं. तिसरं मी गिऱ्हाईक सोडून मागच्या मोरीत जाऊन वाचलं. मग दोन दिस मला मीठ किती घालतोय त्ये कळंना. एक कंपनीवाला म्हनला, भाऊ, आज काय राग हाय का रश्श्यावर.

आता माझं ऐक. तुला जे म्हाईत न्हाई त्ये सांगतो. तात्यांनी मला शपत घातली व्हती, पर आता तुझ्या छातीचं ऑपरेशन हाय तर तात्या बी मला माफ करतील.

तात्या माझ्याकडं मटण खातच नव्हते. शेवटची दोन वर्सं त्यांनी एक फोड बी तोंडात घातली न्हाई. रविवारी यायचे, गल्ल्याशेजारी बसायचे आन पिठलं भाकर मागायचे. मी म्हनलो, तात्या, लोक हसत्याल, मटणाच्या खानावळीत मालकाचा बाप पिठलं खातोय. तर म्हनले, थोरला एवढा मागं लागलाय माझ्या, मला जगवायला बघतोय, त्याचं ऐकाय नको व्हय? पर त्याला सांगू नकोस. कळलं तर डोक्यावर बसंल, आन मग त्याच्याशी भांडायला इषयच ऱ्हानार न्हाई. घरी येऊन तुझ्यासमोर ढेकर द्यायचे ना, त्यो पिठल्याचा व्हता दादा. वाटंत येताना हसत यायचे म्हनं, रिक्षावाला मला सांगायचा.

म्हंजी तुझं ऐकलं व्हतं त्यांनी. तुझं शंभर टक्के ऐकलं, तरी गेले.

मग तू इचारशील, घाटावर मी का बोललो न्हाई. एक शबूद बोललो असतो तर तुझं तोंड बंद झालं असतं. दादा, त्या रविवारी तात्यांनी पिठलं अर्धं टाकलं. छातीवर हात चोळत व्हते. म्हनले, रंगा मंगळवारी दवाखान्यात नेनार हाय. मी त्यांना ओवा दिला, सोडा पाजला आन म्हनलो, गॅस झाला असंल तात्या, पडा जरा मागं. चाळीस मानसं जेवाय बसली व्हती. माझी गाडी दारात व्हती. तळेगावचा दवाखाना किती लांब हाय सांग? मी बी नेलं न्हाई.

घाटावर तू मटणाचं नाव घेतलंस. त्यो आळ खोटा व्हता हे मला म्हाईत व्हतं. पर खरा आळ कुनाला म्हाईत नव्हता. मला वाईट वाटलं आन सुटल्यावानी बी वाटलं. वाटलं, खोट्या आळानं खरा झाकला जातोय तर जाऊ दे. म्हनून गेलो निघून. तू मला हाकललं असं तुला वाटतंय. मी पळालो व्हतो.

आन मला बी वाटलं व्हतं, की दादाला पिठल्याचं सांगितलं तर दादाच्या हातात काय उरंल? कुनावर रागवंल त्यो? माझ्यावर रागवून त्यो उभा ऱ्हातोय तर ऱ्हाऊ दे. एवढं मी करू शकतो त्याच्यासाठी. सहा वर्सं केलं. आता न्हाई करायचं. आता दोघं मिळून रडू, आन मग बास.

भावकी बोलवायची काय गरज न्हाई. तू मला सांगितलं, मी तुला सांगितलं, झालं.

पूनमनं सकाळी वहिनींना फोन लावला व्हता. दवाखान्यानं तीन मानसं रगत द्यायला मागितल्यात म्हनं, आन तुझ्या गटाचा एक बी मिळंना. तुझा गट ओ निगेटिव्ह हाय, त्योच माझा हाय. धाकट्या पोरीच्या टायमाला तपासला व्हता. गटासाठी दुसऱ्या कुनाला शोधत बसू नका. मी उद्या सांजच्याला मुक्कामालाच येतो, शुक्रवारपत्तोर खानावळ पूनम बगंल.

फकस्त डॉक्टरला एक इचारून ठेव, मटण खानाऱ्याचं रगत तुला चालंल का.

तुझा,
रोहिदास